ॲल्युमिनियमचे कवच

कारवारहून कद्रामार्गे अणशी घाट चढताना पावसाळ्यात लोखंडावर धरणारा गंज आम्ही नोकरीच्या काळात पुष्कळ पाहिला. ॲल्युमिनियमला मात्र असले भय नाही, असा आमचा समज होता. तो अर्धाच खरा.

या धातूवर हवेने आपोआप ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तेच त्याचे कवच. कोकमाचा आंबटपणा, मीठ आणि घासावयाची राख हे त्याचे वैरी. आंबट पदार्थ मातीच्या किंवा कल्हईच्या भांड्यात ठेवणाऱ्या आमच्या आजीला यामागील रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. अनुभव मात्र होता.

आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी घडविण्यास आरंभ केला. पुढे १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगॉ व स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लात वीज सोडून हा पापुद्रा जाड करण्याची रीत काढली. १९२७ साली गंधकाम्लाची रीत आली. तरीही क्रोमेटचा लेप दीर्घकाळ मान्य राहिला, कारण ओरखडा पडला तरी तो स्वतःच भरून निघतो. परंतु त्यातील सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक ठरले. युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत उपकरणांत त्यावर कडक मर्यादा घातली. आता झिर्कोनियम, सिलेन व त्रिसंयुजी क्रोमियमचे लेप वापरात येत आहेत.

अणशीचे ओहोळ काळी नदीला मिळतात, आणि काळी कारवारपाशी समुद्राला. धातू टिकविण्याचे मोल या पाण्याने भरू नये, एवढेच आमचे मागणे.