नोकरीच्या जाहिरातीत पगाराचा आकडा का नसतो?

‘पगार अनुभवानुसार’ किंवा ‘आकर्षक वेतन’. नोकरीच्या जाहिरातींत हे शब्द सर्रास दिसतात, आकडा मात्र नसतो. एमपीएससीच्या जाहिरातीत वेतनश्रेणी दिलेली असते. खासगी कंपन्यांवर मात्र भारतात तशी कायदेशीर सक्ती नाही.

कंपन्या आकडा का देत नाहीत?

आकडा छापला, तर तेच काम कमी पगारात करणारे जुने कर्मचारी वाढ मागू शकतात. स्पर्धक कंपन्यांनाही अंदाज येतो. शिवाय आकडा झाकलेला असला की बोलणी ‘सध्या किती मिळतात?’ या प्रश्नापासून सुरू होतात.

उमेदवाराचं नुकसान काय?

नवा पगार जुन्यावर काही टक्के वाढवून ठरतो. त्यामुळे पहिल्याच नोकरीत कमी पगार मिळाला असेल, तर ती तूट पुढच्या नोकऱ्यांतही पाठ सोडत नाही.

इतर देशांत काय नियम आहेत?

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २०२१पासून आणि न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२पासून जाहिरातीत पगार किंवा त्याची किमान-कमाल मर्यादा देणं बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या २०२३च्या निर्देशानुसार ही माहिती जाहिरातीत किंवा मुलाखतीआधी द्यावी लागते. जुना पगार विचारण्यासही त्यात मनाई आहे.

उमेदवाराने काय करावं?

पहिल्याच फोनवर एचआरला या पदाचं बजेट विचारावं. आकडा सीटीसीचा आहे की इन हँड, हेही विचारावं. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा आणि अनेकदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. ते पैसे दरमहा खात्यात येत नाहीत.