पॉलिशयंत्र, मोटारीचे (घरगुती) व त्याचे पॅड

मोटारीच्या रंगलेपावरील सूक्ष्म ओरखडे, पाण्याचे डाग व उन्हाने आलेली निस्तेज छटा घालविण्यासाठी फोमच्या, लोकरीच्या अथवा मायक्रोफायबरच्या गादीवर अपघर्षक लेप घेऊन ती पृष्ठभागावर वेगाने फिरविणारे, हातात धरून चालवावयाचे विद्युत् उपकरण. कोल्हापूरच्या गॅरेजांतून यास ‘बफिंग मशीन’, गादीस ‘पॅड’ किंवा ‘बफ’ आणि लेपास ‘कंपाउंड’ अशी नावे रूढ आहेत. पॉलिश या शब्दाने पृष्ठभागावर काही चोपडल्याचा भास होत असला, तरी ही क्रिया मूलतः खरवडण्याची होय. ओरखडा बुजत नाही, त्याच्या भोवतालचा रंगलेप ओरखड्याच्या तळापर्यंत उतरविला जातो, आणि म्हणून घरच्या अंगणात हे काम करू इच्छिणाऱ्याने यंत्र किती लवकर चकाकी आणते यापेक्षा, हात चुकल्यास ते किती सांभाळून घेते, हे आधी पाहावयाचे असते.

उतरवावयाचा हा रंगलेप मुळात असतो किती, याची रुजवात प्रथम घ्यावी. आजच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर असे चार थर एकावर एक बसविलेले असतात. त्यांची एकत्रित जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते व त्यांपैकी पारदर्शक थराच्या, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या ‘क्लिअर’च्या, वाट्यास ३५ ते ५० मायक्रॉन येतात. मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास धरली, तर मोटारीची सारी चकाकी अर्ध्या केसाच्या जाडीवर उभी आहे असे म्हणावे लागते. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात असतात. जोरकस कंपाउंडाची एक फेरी यातून दोन-चार मायक्रॉन सहज घेऊन जाते व या खात्यात पुन्हा जमा काहीच पडत नाही, त्यामुळे दर दिवाळीस असा खर्च करणाऱ्याची मूळ शिल्लक काही वर्षांत सरते आणि टपावरचा थर सालपटासारखा सुटू लागतो.

पूर्वीची स्थिती निराळी होती. १९२३-२४ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर आला, तेव्हा रंग वाळण्यास लागणारे कित्येक दिवस काही तासांवर आले. मात्र हा रंग घासल्यावाचून चमकत नसे. आपल्याकडील जुने मिस्त्री फवाऱ्याने मारलेल्या वाटेल त्या रंगास ‘ड्युको’ म्हणतात, ती त्याचीच खूण. अँबॅसेडर व प्रीमियर पद्मिनी यांच्या काळी रंग एकथरी असल्याने घासणाऱ्याचे फडके मोटारीच्याच रंगाचे होई व त्यात कोणास वावगे वाटत नसे. आज पॅडवर रंग उतरू लागला, तर एक तर मोटार जुन्या पद्धतीने रंगविलेली आहे किंवा पारदर्शक थर संपला आहे, असे समजून हात तत्काळ आवरावा. दसऱ्याच्या शाही मिरवणुकीत आजही निघणारी, छत्रपती राजाराम महाराजांच्या वेळची भगवी मेबॅक पाहूनच खंडेनवमीस आपली गाडी लखलखीत करण्याची हौस कोल्हापुरास लागली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण हौस आहे खरी, आणि ती बहुधा नवरात्राच्या शेवटच्या दोन दिवसांत, घाईघाईने पुरविली जाते.

रंगलेप खराब होण्याची कारणे स्थानिक आहेत, आणि त्यांतील निम्मी यंत्राशिवाय दूर होतात. हंगामात उसाचे पाचट पेटले की काजळीचे काळे तुकडे उडत येऊन टपावर बसतात. शिरोली व गोकुळ शिरगावकडील फौंड्र्यांच्या आसपास उभ्या राहणाऱ्या मोटारींवर लोखंडाचे कण रुतून नारिंगी ठिपके उमटतात. बोअरचे जड पाणी उन्हात वाळले की क्षारांची वर्तुळे राहतात. या सर्वांवर सकाळी कोरडे फडके मारण्याचा जो शिरस्ता गल्लोगल्ली पाळला जातो, तोच खरा अपराधी होय; फडक्याखाली सापडलेली धूळ सँडपेपरचे काम करते. उन्हात अथवा विजेच्या दिव्याखाली दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे ती हीच. ओरखडे वस्तुतः सर्व दिशांना असतात, परंतु प्रकाशाच्या आड येणारे तेवढेच चमकत असल्यामुळे ते दिव्याभोवती गोल मांडल्यासारखे भासतात. तेव्हा यंत्र हाती घेण्यापूर्वी मोटार भरपूर पाण्याने धुऊन, लोहकण विरघळविणारे द्रव्य मारून आणि रंगावर मऊ माती, म्हणजे ‘क्ले बार’, फिरवून घ्यावी. इतके केल्यावर पॉलिशची गरजच उरली नाही, असेही पुष्कळदा घडते.

यंत्राचे मुख्य प्रकार तीन. पहिला रोटरी: यात पॅड एकाच आसाभोवती, मिनिटास सुमारे ६०० ते ३,००० फेऱ्यांनी, थेट मोटरच्या जोरावर फिरतो. काप जलद, परंतु एका जागी क्षणभर थांबले तरी उष्णता साठते, कडेवर गेले तर रंग जळतो, आणि कसबी हात नसेल तर उन्हात सरकणाऱ्या छायेसारख्या रेषा, ज्यांस धंद्यातील लोक ‘होलोग्राम’ म्हणतात, मागे राहतात. दुसरा प्रकार ड्युअल अॅक्शन, संक्षेपाने ‘डीए’. शाळेच्या भूगोलातील परिवलन व परिभ्रमण हे दोन शब्द आठवले, तर याची रचना चटकन उमगते: मोटर पॅडला एका लहानशा उत्केंद्री वर्तुळात परिभ्रमण करावयास लावते, आणि स्वतःभोवतीचे परिवलन मात्र बेअरिंगवर मोकळे सोडलेले असते. हात वाजवीपेक्षा जास्त दाबला की परिवलन थांबते, पॅड केवळ थरथरत राहतो आणि काप जवळजवळ बंद पडतो. निष्णात कारागिरास हा दोष वाटतो. घरगुती माणसास तोच जामीन आहे. तिसऱ्या प्रकारात ही दोन्ही भ्रमणे दातेरी चक्रांनी बांधलेली असतात, म्हणून पॅड थांबत नाही. तो मधला मार्ग आहे, पण पहिल्या यंत्रासाठी नव्हे.

येथे कोल्हापुरापुरती एक खबरदारी नमूद करणे अगत्याचे आहे. उद्यमनगरात अथवा वाय. पी. पोवार नगरात ज्याची कोणाशी ओळख नाही असा मोटारमालक विरळा, आणि तेथील दर दुसऱ्या शेडमध्ये चार इंची ग्राइंडर लोंबकळत असल्यामुळे, ‘त्यालाच बफ लावू, नवीन मशीन कशाला?’ असा सल्ला फुकट मिळतो. तो ग्राइंडर मिनिटास सुमारे ११,००० फेऱ्या घेतो. कास्टिंगवर ते शोभते, कारण तेथे हाताखालचा अख्खा जिन्नस धातूचा असतो. हुपरीचा कारागीर चांदी उजळतो तेव्हाही तसेच. मोटारवाल्याच्या हाताखाली अर्धा केस असतो. शिवाय अशा ग्राइंडरचा आटा बहुधा एम-१० आणि रोटरी पॉलिशरचा एम-१४ असतो, म्हणून एकाची बैठक, म्हणजे पॅड बसविण्याची चकती, दुसऱ्यावर चढत नाही, आणि ही अडचण दैवाने घातलेली आडकाठी समजून तिचा मान राखावा.

डीए यंत्रे परिभ्रमणाच्या वर्तुळावरून ओळखली जातात: ८, १२, १५, २१ मिलिमीटर. वर्तुळ मोठे तितका सपाट भागावर काम उरकण्याचा वेग अधिक, परंतु वळणदार बंपरवर व दाराच्या खोलगट भागात मोठ्या वर्तुळाचा पॅड लवकर अडतो. आपल्याकडील लहान, सर्वांगी वळणे घेतलेल्या मोटारींचा विचार करता १५ मिलिमीटर वर्तुळ व पाच इंची (१२५ मिलिमीटर) बैठक ही जोडी प्रस्तुत लेखकास सर्वांत सोयीची वाटते. बोनेट व टप एवढेच वारंवार करणाऱ्याने २१ घ्यावे. वॉटचा आकडा पाहून भुलू नये, यंत्र हातात धरून पाहावे: अर्धा दिवस दारांच्या उभ्या पत्र्यावर धरावयाचे असल्याने अर्धा किलो वजनाचा फरक खांद्यास कळतो. वेग हळूहळू चढणारा व निश्चित आकड्यावर टिकणारा असावा. बटण दाबताच एकदम उसळणारे यंत्र लेपाचे शिंतोडे शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोहोचविते. परदेशस्थ नातलगाकडून यंत्र मागविण्याची तजवीज करणाऱ्याने ते २३० व्होल्टचे असल्याची खातरजमा करावी, अमेरिकेतील १२० व्होल्टचे यंत्र येथे जोडताच निकामी होते. बॅटरीवरील यंत्रास दोरी नसते हे सुख मोठे, मात्र संपूर्ण मोटारीस एक बॅटरी पुरत नाही.

यंत्रावर वाचविलेला पैसा पॅडांवर खर्चावा, हे या विषयातील बहुधा सर्वांत कमी मानले जाणारे तत्त्व होय. मध्यम प्रतीच्या यंत्रावर चांगला पॅड समाधानकारक काम देतो. उत्तम यंत्रावर चेपलेला, कोरड्या कंपाउंडाने दगडासारखा झालेला पॅड नवे ओरखडे पाडतो. लोकरीचा पॅड सर्वांत जलद कापतो व उष्णताही कमी साठवितो, पण आपल्या खुणा मागे ठेवतो. मायक्रोफायबरचा त्याखालोखाल कापतो, लवकर तापतो, आणि मऊ रंगावर धुरकट झाक आणतो. फोमचा पॅड पॉलियुरेथेनच्या जाळीचा असून त्याच्या कठीणपणावरून कापणारा, उजळणारा व शेवटची झळाळी देणारा असे भेद होतात. हे भेद रंगांनी दाखविले जातात खरे, तथापि कोणत्या रंगाचा काय अर्थ हे प्रत्येक निर्माता स्वतंत्रपणे मुक्रर करतो. एकाचा पिवळा तो दुसऱ्याचा निळा. म्हणून दुकानात रंगाचे नाव न सांगता पॅडचे काम सांगावे आणि बोटाने दाबून पाहावे.

पाच इंची बैठकीस साडेपाच इंची पॅड योग्य. काठ बैठकीच्या बाहेर थोडा यावा, नाही तर प्लॅस्टिकची कड रंगावर आदळते. सर्वसाधारण मोटारीस मधल्या कठीणपणाचे चार व मऊ दोन असे सहा पॅड असावेत. एका पॅडवर अख्खी मोटार काढण्याचा हट्ट धरल्यास तो लेपाने भरतो, तापतो, मधोमध फुगतो आणि त्यामागचे वेल्क्रो सुटते. वेल्क्रो हे कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या रानातील काटेरी फळांवरून स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यास सुचले व १९५५ मध्ये त्याचे पेटंट झाले. उष्णता वाढली की त्याचे आकडे वितळून सपाट होतात. बैठकीच्या काठावर मार्करने एक रेघ ओढून ठेवावी: रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरत आहे, स्थिर दिसली तर दाब अधिक झाला.

कोणता पॅड कोणत्या लेपाबरोबर, याचे उत्तर मोटारच देते. बोनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन कागदी टेपने आखून प्रथम सर्वांत सौम्य जोडीचा नमुना घ्यावा. चार थेंब लेप, यंत्र बंद असतानाच तो पसरणे, मग आडवे-उभे असे चार-सहा हात, सावकाश, पॅड सपाट ठेवून. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पुसून टॉर्चखाली पाहावे, कारण लेपातील तेल ओरखडे तात्पुरते झाकून कारागिराची फसवणूक करते. इतक्याने भागले तर कठीण पॅडकडे वळू नये. नखास लागणारा चरा यंत्राने जात नाही; तो घालविण्याच्या नादात रंग जातो. दारांच्या कडा, बोनेटची धार आणि प्लॅस्टिकचे बंपर येथे थर पातळ अथवा त्याखालचा पदार्थ उष्णता न वाहणारा असतो, म्हणून तेथे टेप चिकटवावी. डेंटिंग-पेंटिंग झालेला भाग निदान महिनाभर तसाच ठेवावा. काम सावलीत व गार पत्र्यावर करावे, आणि शेवटी मेण अथवा सीलंट चढवावे.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड नायलॉनच्या ब्रशने झाडावा, दिवसाअखेर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, न पिळता दाबून काढावा व उभा वाळवावा. आषाढ-श्रावणात कोल्हापुरात हे पॅड दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि ओलेच डब्यात घातले तर बुरशी धरतात. तेव्हा पावसाळ्यापूर्वी काम उरकलेले बरे, किंवा मग घटस्थापनेच्या आठवड्यात, ऊस तुटू लागण्याच्या आधी.