बसऱ्याची रसदकोंडी (१९१५–१६)

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजचा इराक) लढणाऱ्या ब्रिटिश-हिंदी फौजेचा पुरवठा बसरा बंदरात आणि टायग्रिस नदीवर तुंबल्याने ओढवलेली आपत्ती. कूत येथे वेढ्यात सापडलेली सेना सोडवता आली नाही, याचे हे एक प्रमुख कारण.

हिंदुस्थानातून गेलेल्या फौजेने नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतले, तेव्हा मोठी जहाजे लागतील असा धक्काच तेथे नव्हता. जहाजे शत्त-अल-अरबच्या पात्रात नांगर टाकून उभी राहत. पीठ, दारूगोळा, चारा, खेचरे असे सगळे ‘महैला’ या शिडाच्या देशी नौकांतून किनाऱ्याला आणावे लागे. फौज वाढली तशी जहाजांची रांग वाढली. माल पोटात घेऊन ती आठवडेच्या आठवडे खोळंबून राहत.

बंदरातून सुटलेल्या मालाची खरी परीक्षा पुढे होती. बसरा ते बगदाद हा नदीमार्ग सुमारे ५०० मैलांचा, आणि रेल्वे नाही. उन्हाळ्याअखेर पाणी उतरले की उथळ तळाच्या बोटीही गाळात रुतत. अमाराच्या खालच्या अरुंद वळणांवर समोरासमोरच्या बोटींना एकमेकींना ओलांडता येत नसे. आगबोटीच्या दोन्ही कुशींना बार्ज बांधलेले असत. वळण घेताना काठावर आदळणे ठरलेलेच, आणि तो धक्का बार्ज सोसत.

सेनापती जनरल निक्सन यांनी १९१५ मध्ये नदीबोटी मागितल्या होत्या; त्या वेळेवर पुरेशा मिळाल्या नाहीत. नासिरियापर्यंतच्या रेल्वेची सूचना हिंदुस्थान सरकारने खर्चाकडे बोट दाखवून बाजूला ठेवली. तरीही बगदादकडे कूच झालेच. चढाईचा नकाशा आखणाऱ्यांनी पलटणी मोजल्या, बोटी मोजल्या नाहीत, हा ठपका टाळता येण्याजोगा नाही.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या वाटेवर टेसिफॉन येथे चढाई अडली. जनरल टाउनशेंड यांची सहावी (पुणे) डिव्हिजन माघार घेऊन कूतला आली आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांच्या वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. सुटकेसाठी हिंदुस्थान व फ्रान्समधून कुमक आली. पण आघाडीवर गेलेला प्रत्येक शिपाई रोजच्या शिध्याचा आणखी एक वाटेकरी, आणि तो शिधा नेणारी बोट तीच. परिणामी १९१६ च्या आरंभी सुमारे दहा हजार पायदळ व काही तोफा बसऱ्यातच अडकून पडल्या. जे पुढे पोचले त्यांना तुकड्यातुकड्यांनी झुंजवले गेले, आणि शेख साद, हन्ना, दुजैला येथे वेढा फोडण्याचे प्रयत्न फसले. सुटकेच्या लढायांत सुमारे २३,००० जण मेले वा जखमी झाले.

परतीच्या बोटींवर जखमी लादले जात; स्वतंत्र रुग्णनौका जवळजवळ नव्हत्याच. टेसिफॉनच्या जखमींनी खचाखच भरलेली ‘मेजिदिये’ बसऱ्याला लागली, तेव्हा मेजर कार्टर या लष्करी डॉक्टरांना तिच्या कडेवरून दोर लोंबत असल्यासारखे दिसले. जवळ गेल्यावर कळले, ती सुकलेली विष्ठा होती. त्यांनी तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली.

एप्रिल १९१६ मध्ये कूतवर विमानांतून पीठ-साखर टाकण्यात आली. वेढ्यातील सैन्याला हवेतून रसद पुरवण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयोग. पोटाला पुरेल इतके त्यातून पडणे शक्य नव्हते. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ ही सुमारे २७० टन रसद भरलेली बोट तुर्कांच्या माऱ्यातून घुसली. नदीवर आडव्या ताणलेल्या तारदोरात अडकून शत्रूच्या हाती पडली. २९ एप्रिलला टाउनशेंड शरण आले आणि सुमारे १३,००० जण कैदेत गेले. त्यांतील हजारो परतले नाहीत.

शरणागतीपूर्वीच, फेब्रुवारी १९१६ मध्ये, मोहिमेची सूत्रे लंडनच्या युद्ध कार्यालयाने घेतली होती. त्यानंतर मात्र क्रम उलटला: आधी धक्के, नदीबोटींचा ताफा आणि रेल्वे, मग चढाई. जनरल मॉड यांनी ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतले. या मोहिमेच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. युद्धकाळात मअकिल येथे बांधलेले धक्के पुढे बसऱ्याचे मुख्य बंदर झाले.