जखमेच्या साक्षीची कुळकथा

लैंगिक अत्याचारात बाईचा जीव गेला, की तिच्या वतीने बोलायला जखमच उरते. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरला अशा वेळी पोलीस ‘मर्ग कायम’ करतात, शेजारच्या पण महाराष्ट्रातल्या रावेरला ‘अकस्मात मृत्यू’ नोंदवतात. पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम दोन्हीकडे चुकत नाही. मृतदेहावरच्या जखमेला साक्षीदार मानण्यात गैर काहीच नाही. गैर झाले ते नंतर. मेलेलीकडून नाइलाजाने घ्यायची ही साक्ष आपल्या कोर्टांनी जिवंत बाईकडेही मागायला सुरुवात केली आणि ती मिळाली नाही की तिचे तोंडी सांगणे हलके ठरू लागले.

या साक्षीचे आपल्याकडचे मूळ शोधताना १८९०च्या कलकत्त्यात थांबावेच लागते. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगात योनिमार्ग फाटून, रक्तस्रावाने गेली. दंडसंहितेतली संमतीची मर्यादा तेव्हा दहा वर्षांची होती, त्यामुळे बलात्काराचे कलम लागले नाही. नवऱ्याला हयगयीने गंभीर दुखापत केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी स्त्री डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यांत पाहिलेल्या अशाच मुलींची यादी व्हाइसरॉयकडे पाठवली. संमतिवय वाढवण्यासाठी बेहरामजी मलबारींची चळवळ आधीपासून चालू होती, पुण्यात टिळकांचा विरोधही जोरात होता. पण पारडे फिरवले ते वैद्यकीय वर्णनांनी. १८९१च्या कायद्याने मर्यादा बारा केली. शरीरावरच्या इजेने कायदा हलवला, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. मात्र अत्याचार म्हटला की फाटलेले शरीर दिसले पाहिजे, ही समजूतही अशाच प्रकरणांच्या आधाराने पक्की झाली.

कोणी म्हणेल, जखमेचा आग्रह बाईच्या तक्रारीवरच्या जुन्या इंग्रजी अविश्वासातून आला, त्यात मृतदेहांचा काय दोष? अविश्वास होताच, नॉर्मन चेव्हर्सच्या १८५६च्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथातही खोट्या फिर्यादींची धास्ती आहे. पण अविश्वासाला मोजपट्टी लागते, आणि ती पुरवली सर्वांत भयंकर प्रकरणांनी. खरे तर मृतदेहसुद्धा या मोजपट्टीला जुमानत नाही. अशा गुन्ह्यात मृत्यू बहुतेकदा गळा किंवा नाक-तोंड दाबल्याने, नाहीतर डोक्यावरच्या घावाने येतो. निव्वळ जननेंद्रियाच्या जखमेने मरण विरळा, आणि तेही मुख्यतः लहान मुलींत. म्हणूनच जाणता डॉक्टर देह धुण्याआधी स्वॅब आणि नखांची कात्रणे घेतो, पापणी उलटून टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके शोधतो, मानेचे स्नायू थराथराने उघडून साकळलेले रक्त पाहतो. तरुण मुलीचे हायॉइड हाड लवचिक असते. गळा दाबूनही ते अनेकदा शाबूत राहते. हाड मोडले नाही म्हणून गळा दाबलाच नाही, असे कोणी लिहीत नाही. मग अंगावर ओरखडा नाही म्हणून जबरदस्तीच नव्हती, हे कोणत्या शास्त्रात बसते?

ते बसवले गेले. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. वैद्यकीय अहवालात अंगावर इजा नाही, योनीत दोन बोटे सहज जातात, एवढे होते. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले. १९७८ साली ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले, आणि जखमा नसणे हे तिच्याविरुद्ध गेले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार यांच्या १९७९च्या खुल्या पत्राने १९८३च्या दुरुस्तीची वाट मोकळी केली. जखमेवाचून निरपराध माणूस अडकेल, हा आक्षेप फेटाळण्याजोगा नाही. पण त्याचे उत्तर जबाबाची कसून तपासणी, डीएनए आणि परिस्थितीजन्य पुरावा हे आहे. भीतीने गोठलेल्या बाईकडून ओरखड्यांची वसुली हे नव्हे.

उलट, जखम ढळढळीत असतानाही कायदा आंधळा राहू शकतो. १९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर लैंगिक अत्याचार करताना त्यांचा गळा कुत्र्याच्या साखळीने आवळला गेला, मेंदूचा प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि त्या २०१५ पर्यंत तशाच पडून राहिल्या. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि लुटीबद्दल, लैंगिक अत्याचाराबद्दल नव्हे. मृत्यू किंवा अशी कायमची अचेत अवस्था आणणाऱ्या अत्याचारासाठी वेगळे कलम आले २०१३ साली, तेही दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्कारात आणखी एक जीव गेल्यावर. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानू नये, हेही तेव्हाच स्पष्ट लिहिले गेले. मध्य प्रदेश विधानसभेने २०१७ साली बाराखालच्या मुलींवरील बलात्काराला फाशीची तरतूद असलेले विधेयक मंजूर केले, पुढच्या वर्षी संसदेनेही तेच केले; १८९१चा बाराचा आकडा असा परत आला.

झारखंडमधल्या एका प्रकरणात जाळल्या गेलेल्या, मृत्यूच्या दारात असलेल्या मुलीचीही दोन बोटांची चाचणी झाली होती. हायकोर्टाने आरोपीला सोडले होते. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचा मृत्युपूर्व जबाब ग्राह्य धरून खालच्या कोर्टाची शिक्षा पुन्हा कायम केली आणि ही चाचणी करणाऱ्यावर गैरवर्तनाचा ठपका येईल, असे बजावले. तो आदेश बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनाही लागू आहे आणि रावेरच्याही.