कुंकू : एक शब्द, तीन द्रव्ये

संस्कृत ‘कुंकुम’ हे मुळात केशराचे नाव होय. अमरकोशात त्याला ‘काश्मीरजन्म’ हा पर्याय दिलेला आढळतो. मराठी ‘कुंकू’ त्याच शब्दापासून आले, केशर मात्र मागे राहिले. हळदीला क्षाराचा संस्कार केला असता तिचे पिवळे रंगद्रव्य तांबडे होते. सामान्य जनांचे कुंकू ते हेच, आणि ते निरुपद्रवी असल्याचा विश्वासही हळदीमुळेच.

तिसरे द्रव्य डांबरजन्य रंगांचे. १८५६ साली पर्किनला पहिला असा रंग गवसला. ज्या कुळातील रंग सोलापूरच्या मागावरील सुतास चढले, त्याच कुळातील रंग पुढे कुंकवातही शिरले. द्रव्य पालटले, शब्द तोच राहिला, आणि शब्दाबरोबर जुना विश्वासही. १९८६ मध्ये सिंगापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी कुंकवामुळे कपाळी पडलेल्या काळपट डागांची नोंद केली व त्यांचा संबंध सूदान १ सारख्या अॅझो रंगांशी जोडला.

१९४० च्या औषधविषयक कायद्याच्या कक्षेत सौंदर्यप्रसाधने आली ती १९६२ च्या दुरुस्तीने. तेथील व्याख्या मात्र द्रव्यावरून नव्हे, उपयोगावरून केलेली आहे : मानवी शरीरास लावण्यासाठी असलेली वस्तू. मग केवळ देवपूजेसाठी म्हणून विकलेल्या पुडीचे काय? करमाळा तालुक्यातील केमचे कुंकू असो वा पंढरपूरच्या पेठेतील, मूर्तीस वाहिलेली चिमूटच पुढे कपाळी लागते. हा भेद व्याख्येस कळतो. आपल्या आचारात तो कधीच नव्हता.