चित्रातले पाणी आणि पाटातले पाणी

सिन्नर तालुक्यात येणारा हौशी प्रवासी आपला कॅमेरा मुख्यतः दोन ठिकाणी उघडतो. एक गोंदेश्वराच्या आवारात आणि दुसरे नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर. पहिल्या ठिकाणी त्याला कोरीव पाषाण मिळतो, दुसऱ्या ठिकाणी पाणी आणि पाखरे मिळतात. दोन्ही चित्रे सुंदर निघतात याविषयी वाद नाही. परंतु याच परिसरातून देवनदी नावाची एक लहानशी नदी वाहते, तिच्यावर जुने बंधारे आहेत, त्या बंधाऱ्यांतून निघालेले पाट आहेत, आणि या पाटांच्या पाण्यावर सिन्नरच्या अनेक पिढ्या पोसल्या गेल्या आहेत. या पाटांचे चित्र मात्र सहसा कोणी काढीत नाही. असे का व्हावे, आणि त्याचा परिणाम काय झाला, हा आजचा विषय आहे.

प्रथम छायाचित्रणाच्या कलेकडे वळू. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या शोधाची घोषणा झाली आणि पुढच्या काही वर्षांतच ही कला हिंदुस्थानात येऊन पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा या नव्या विद्येशी निकटचा संबंध होता, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे. ही कला आपल्याकडे केवळ साहेबांच्या पेटीतून आली आणि त्यांच्याच पेटीत राहिली, असे नाही. जॉन्सन आणि हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात महिन्याच्या महिन्याला छायाचित्रांचा संग्रह मुंबईत प्रसिद्ध केला. त्याच सुमारास मुंबई सरकारने प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम कॅप्टन बिग्जकडे सोपविले. म्हणजे हौस आणि सरकारी नोंद या दोन वाटांनी हे यंत्र एकाच वेळी आपल्या देशात चालू लागले.

त्या काळच्या छायाचित्रकाराचे कष्ट आज आपल्याला सांगूनही खरे वाटणार नाहीत. १८५१ साली आर्चरने जी ओल्या काचेची पद्धत काढली, तीत काचेवर द्रव्याचा लेप द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि तो सुकण्यापूर्वीच अंधाऱ्या तंबूत ते उमटवावयाचे. या साऱ्या खटाटोपाला स्वच्छ पाणी लागे. तेव्हा नदीकाठ, कुंड किंवा तळे जवळ असलेले बरे. काच धुण्याला ज्या पाण्याचा उपयोग झाला, ते पाणी चित्रात आले नसले तरी त्यावाचून चित्र झाले नसते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरी अडचण प्रकाशाची. काचेवर ठसा उमटण्यास काही सेकंद, कधी त्याहून अधिक वेळ लागे. तेवढ्या अवधीत वाहते पाणी हलून जाई आणि चित्रात त्याचे धुके होई. नाशिकजवळ गंगापूर-सोमेश्वर येथे गोदावरीचा जो धबधबा आहे, त्याला लोक दूधस्थळी म्हणतात. उंचावरून पडणारे पाणी डोळ्यांना दुधासारखे दिसते म्हणून हे नाव. ओल्या काचेवर तर प्रत्येक धबधबा दूधस्थळीच होत असे! त्यामुळे त्या काळच्या कॅमेऱ्याला स्थिर पाणी सोयीचे पडे. डोह, कुंड, तळी, घाट आणि त्यांत पडलेले शिखरांचे प्रतिबिंब, हे सारे जणू काय चित्रासाठीच उभे राही. तीच आवड पुढे रूढ झाली. यंत्र सुधारले, पापणी लवण्याच्या आत चित्र निघू लागले, तरी पाण्याचे चित्र म्हटले की स्थिर आणि आरस्पानी पाणीच आपल्या डोळ्यांपुढे येते.

या आवडीला इंग्रजी चित्रकलेचीही जोड होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गिल्पिनसारख्या लेखकांनी रम्य देखावा कसा पाहावा याचे जणू नियमच घालून दिले. पुढे झुकलेले झाड, मध्ये पाणी, मागे भग्न वास्तू आणि तिच्यामागे डोंगर, अशी मांडणी असली म्हणजे देखावा पुरा झाला. हेच नियम घेऊन गोरे चित्रकार इकडे आले, आणि त्यांच्या मागोमाग कॅमेरेही आले. आता या चौकटीत शेताचा पाट बसवून पाहा. तो गढूळ असतो. त्याच्या कडेला गाळाचे ढीग असतात. फावडे घेऊन उभा राहिलेला माणूस घामाने निथळत असतो. चौकटीने त्याला बाहेर ठेवले यात नवल ते काय?

कोणी विचारील, आपल्या लोकांना निसर्गाची हौस नव्हती काय? होती, पण तिची तऱ्हा निराळी होती. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवणे, आमराईत वनभोजनास जाणे, पर्वणीला नदीवर स्नानास जाणे, यांत देवधर्म, भोजन आणि विसावा ही एकाच गाठोड्यात बांधलेली असत. श्रीमंतांच्या हौसेला बागेचे आणि तळ्याचे रूप येई. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे करविले आणि त्याच्या मधल्या बेटावर सारसबाग झाली. सवाई माधवरावांच्या काळात तेथे गणपतीची स्थापना झाली. आज त्या तळ्याच्या जागी सार्वजनिक उद्यान आहे. पाणी गेले, तरी लोक अद्याप ‘तळ्यातला गणपती’ असेच म्हणतात. डोळ्यांना जे दिसेनासे झाले ते भाषेने जतन करून ठेवले.

भाषेचा हा धागा आणखी थोडा ओढून पाहू. ‘बाग’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याच्याच कुळातला ‘बागाईत’ हा शब्द महसुलाच्या दप्तरात जाऊन बसला. पावसावर येते ते जिराईत आणि पाणी देऊन येते ते बागाईत. त्यातही पाटाच्या पाण्यावरचे ते पाटस्थळ आणि विहिरीवर मोट धरून भिजविलेले ते मोटस्थळ. म्हणजे आपल्या व्यवहारात बागेची ओळख फुलांवरून ठरत नसे, ती पाण्यावरून ठरे. हे लक्षण किती खरे आहे ते ऐतिहासिक उद्यानांकडे पाहिले म्हणजे पटते. आजच्या अहिल्यानगरजवळ निजामशाहीतला फराहबाग आहे. १५८३ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या महालाभोवती एके काळी विस्तीर्ण तलाव होता आणि दुरून नळांनी पाणी आणलेले होते. आज महालाच्या भिंती आणि कमानी उभ्या आहेत. तलाव कोरडा आहे. नाव बागेचे आणि चित्र निघते ते भिंतींचे! उलट औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा पाहा. सतराव्या शतकातली ही चौरस आखणीची बाग अद्याप बाग म्हणून पाहता येते, कारण तिला पाणी घालणारे कोणी तरी आजवर राहिले. सारांश, वास्तू पडावयास शतके लागतात. बाग मरावयास पाण्यावाचून गेलेले काही उन्हाळे पुरतात.

या कसोटीने सिन्नरकडे पाहिले तर सिन्नरचे ऐतिहासिक उद्यान कोणते, या प्रश्नाचे उत्तर मिळते. ते देवनदीच्या पाटाखालचे बागाईत होय.

सिन्नर हे प्राचीन सिंदीनगर. यादवांची सत्ता देवगिरीस जाण्यापूर्वी त्या घराण्याचे हे राजधानीचे ठिकाण होते. दुसऱ्या भिल्लमाचा इ. स. १००० चा संगमनेर येथील ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात सिंदीनगराचा निर्देश येतो. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचव्या भिल्लमाने देवगिरी वसविली आणि सिन्नरचे राजवैभव ओसरले. मात्र गाव ओसाड पडले नाही. राजधानी हलविता येते. नदी हलविता येत नाही. १८८३ साली नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले, तेव्हाही सिन्नरभोवतीच्या भिजणाऱ्या समृद्ध जमिनीची आणि तिच्यातील ऊस, केळी, पान यांसारख्या पिकांची दखल त्यात घेतली गेली. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात ही हिरवळ कशाने आली? नदीला आडवा घातलेला बांध, त्याच्या बाजूने काढलेला पाट, आणि चढउतार अचूक ओळखून शेतोशेती नेलेले पाणी. यात कोणतेही इंजिन नाही. पाणी आपल्याच वजनाने चालते.

पण पाणी आपल्या वजनाने चालले तरी व्यवस्था तशी चालत नाही. बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर, धुळ्याकडे पांझरेवर जी फड पद्धती नांदली, तीत पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, पाळीचे नियम आणि तंटा तोडणारे पंच असत. देवनदीचे पाट त्याच कुळातले. दरवर्षी पाऊस संपला की लाभधारकांनी मिळून गाळ काढावयाचा, फुटलेली कड बांधावयाची, हा त्यातला पहिला धर्म. तो चुकला की वरच्याला पाणी आणि खालच्याला धूळ.

आता एक तुलना करू. गोंदेश्वर हे भूमिज शैलीतले पंचायतन. मध्ये शिवाचे मुख्य मंदिर, चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरे आणि पुढे नंदीमंडप. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सने दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर जो ग्रंथ लिहिला आणि जो १९३१ साली प्रसिद्ध झाला, त्यात या मंदिराची छायाचित्रे आणि वर्णन आहे. मंदिर संरक्षित स्मारक झाले. ज्याचे चित्र निघाले त्याची नोंद झाली, आणि ज्याची नोंद झाली त्याला कुंपण आणि रखवालदार मिळाला. देवनदीच्या बंधाऱ्यांना हे भाग्य लाभले नाही. विहिरी वाढल्या, त्यांच्यावर विजेच्या मोटारी बसल्या, आणि ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या बांधावर आले. मग सामाईक पाटाचा गाळ कोणी काढावा? पाट बुजत गेले, कडेवर झुडपे वाढली, काही ठिकाणी पाटाची जागाही नांगराखाली गेली. मंदिराचा एक चिरा हलला असता तर जुन्या चित्राशी ताडून तो ध्यानात आला असता. पाट बुजला तेव्हा ताडून पाहावयास चित्रच नव्हते.

सुदैवाने ही कहाणी येथे संपत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून ‘युवा मित्र’ या सिन्नरच्या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून देवनदीवरील जुने बंधारे आणि पाट दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. गाळ निघाला, पाणीवापर करणाऱ्यांच्या संस्था उभ्या राहिल्या, पाटातून पुन्हा पाणी खेळले. हे काम करताना जुन्या माणसांच्या आठवणी फार उपयोगी पडतात. परंतु आठवणीला आयुष्याची मर्यादा असते.

आणि नांदूरमध्यमेश्वर? गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी बांधला गेला. दारणा धरणाचे पाणी येथे अडवून कोपरगावाकडील शेतीला द्यावयाचे, हा त्याचा हेतू. पाखरांचा विचार त्यात कोठेच नव्हता. नद्यांनी गाळ आणला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. साठा घटला म्हणून पाटबंधारे खात्याच्या हिशेबी तो तोटा. पण चक्रवाक, करकोचे, चमचे यांना त्यातच घर सापडले. १९८६ साली येथे अभयारण्य झाले, आणि पुढे २०१९ साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ होण्याचा मान या पाणथळीला मिळाला. आज निफाड आणि सिन्नर या दोन तालुक्यांत पसरलेल्या या जागी थंडीत दुरून दुरून माणसे लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन येतात. ज्याला ते निसर्ग म्हणतात तो निम्मा अभियंत्याने आणि निम्मा गाळाने घडविलेला आहे. त्याने त्याची शोभा कमी होत नाही, पण आपली जबाबदारी वाढते. कालव्याला पाणी किती सोडावयाचे आणि पाखरांसाठी किती राखावयाचे, हा निर्णय माणसालाच करावा लागतो. तो चित्रात दिसत नाही.

कॅमेऱ्यावर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. कॅमेरा हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदार जे विचारावे तेवढेच सांगतो. आजपर्यंत आपण त्याला ‘काय सुंदर आहे?’ एवढेच विचारले. आता ‘हे कशावर उभे आहे?’ असेही विचारावे. आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात हे यंत्र आहे आणि त्याला ना तंबू लागतो ना ओली काच. सिन्नरच्या शाळांनी आणि तरुणांनी देवनदीचा प्रत्येक बंधारा, पाटाचे तोंड आणि त्याचे शेवटचे शेत, दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून टिपून ठेवावे आणि चित्रामागे गावाचे नाव व तारीख घालावी. दहा वर्षांनी ती चित्रे शेजारी शेजारी मांडली तर गाळ किती चढला, कड कोठे फुटली, शेवटच्या शेताला पाणी कोणत्या वर्षापासून पोहोचले नाही, हे पंचांना बोट ठेवून दाखविता येईल.

तालुक्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत, हे आपण सर्व जाणताच. अशा मुलखात पाण्याचा इतिहास ही रिकामपणची हौस नव्हे. पुढच्या पाळीला कोणाचे शेत भिजणार आणि कोणाचे कोरडे राहणार, याचा तो हिशेब आहे. आणि हिशेबाची वही गावाच्या हाती असलेली बरी.