दिट्ठ, सुत, परिसंकित : विनयातील अनुयोग आणि न्यायालयातील उलटतपासणी

धाराशिव जिल्ह्यातील कळंब येथे आश्विन पौर्णिमेला पवारणेवर प्रवचन देण्याचा योग आम्हांस आला होता. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू एकमेकांना विनंती करतात की, माझ्या हातून घडलेला दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याविषयी कोणास शंका असेल, तर त्याने तो सांगावा. हा विधी आम्ही समजावून सांगितला. प्रवचन संपल्यावर एक वयोवृद्ध उपासिका जवळ आल्या. वस्तीवरील मारहाणीच्या एका खटल्यात त्यांनी साक्ष दिली होती. त्या म्हणाल्या, "सर, म्या डोळ्यानं पाहिलं तेच सांगितलं. पर वकिलानं दोन तास इचारलं अन् शेवटाला म्याच खोटी ठरले. तुमच्या पुस्तकात यावर काही हाय का?"

त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते अपुरे होते. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करावयाचा आहे.

प्रथम विनयाकडे वळू. पवारणेचा विधी ज्या महावग्गात आला आहे, त्याच प्रकरणात दोषारोपाची तपासणी कशी करावी याचेही नियम आहेत. एखाद्या भिक्खूने दुसऱ्याची पवारणा रोखून धरली, तर संघ त्याचा आरोप तसाच स्वीकारीत नाही. प्रथम आरोप करणाऱ्याचीच पारख होते. त्याचे आचरण शुद्ध आहे काय, तो जाणता आहे काय, प्रश्न केल्यास उत्तर देण्यास समर्थ आहे काय, हे पाहिले जाते. या प्रश्नोत्तरासाठी पालीत 'अनुयोग' हा शब्द आहे. पुढे त्यास विचारले जाते की, दोष शीलाचा, आचाराचा की दृष्टीचा? तो पाहिला, ऐकला की केवळ शंका आली? पाहिला म्हटल्यास काय पाहिले, कसे पाहिले, केव्हा पाहिले, कोठे पाहिले, त्या वेळी तू कोठे होतास आणि तो कोठे होता? ऐकला म्हटल्यास कोणाकडून ऐकला? दिट्ठ, सुत आणि परिसंकित या तीन पायऱ्यांची येथे कोठेही गल्लत होऊ दिलेली नाही. ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीच्या जागी बसू शकत नाही, आणि शंका ऐकीव गोष्टीच्याही जागी बसू शकत नाही. आरोप निराधार ठरल्यास आरोप करणाऱ्यावरच विनयाप्रमाणे कारवाई होते.

वाद मिटविण्याचे जे सात प्रकार विनयात सांगितले आहेत, त्यांतील पहिला 'सम्मुखाविनय' होय. निर्णय संबंधितांच्या समक्ष व्हावा, पाठीमागे होऊ नये, हे त्याचे सार. 'सतिविनय' हा प्रकार दब्ब मल्लपुत्ताच्या कथेतून आला. मेत्तिय व भुम्मजक या भिक्खूंच्या चिथावणीने मेत्तिया भिक्खुणीने दब्बावर खोटा आरोप केला. भगवंतांनी दब्बाला समक्ष विचारले आणि त्या दोघा भिक्खूंना प्रश्न विचारण्यास संघास सांगितले. त्या चौकशीत कटाची कबुली मिळाली. उलटपक्षी 'तस्सपापिय्यसिका' हा प्रकार उवाळ नावाच्या भिक्खूवरून आला. संघासमोर त्याने नाकारलेले कबूल केले, कबूल केलेले पुन्हा नाकारले, एका प्रश्नावर दुसरेच बोलून वेळ मारून नेली आणि जाणूनबुजून असत्य सांगितले. आज एखादा अनुभवी वकील न टिकणाऱ्या साक्षीदाराची लक्षणे सांगू लागला, तर याहून वेगळी सांगणार नाही.

प्रश्न विचारण्याच्या कौशल्याचा सर्वांत बोलका नमुना महाउम्मग्ग जातकात सापडतो. सात वर्षांच्या महोसधापुढे बैलांच्या मालकीचा वाद येतो. महोसध प्रथम दोघांकडून आपला निर्णय मान्य असल्याचे वदवून घेतो. मग चोराला विचारतो, बैलांना काय खाऊ घातलेस? चोर बढाईने पेज, तिळाचे पीठ आणि उडीद सांगतो. खरा मालक म्हणतो, आम्हां गरिबांजवळ ते कोठून असणार, गवत घातले. महोसध दोन्ही उत्तरे जमलेल्या लोकांच्या ध्यानात आणून देतो आणि त्यानंतरच बैलांना वांतीचे औषध पाजण्यास सांगतो. पोटातून गवत बाहेर पडते. सुताच्या गुंड्याच्या वादातही तीच रीत आहे. गुंड्याच्या आत काय ठेवून सूत गुंडाळले, असे दोघींना विचारले जाते. एक सरकी सांगते, दुसरी टेंभुर्णीचे बी सांगते, आणि नंतर गुंडा उलगडला जातो.

या कथांत जी पद्धती आहे तिचे चार भाग पडतात. प्रश्न लहान असावा आणि एकाच गोष्टीविषयी असावा. ती गोष्ट खऱ्या माणसास सहज ठाऊक असणारी आणि खोट्याने विचारात न घेतलेली असावी. पुरावा उघड करण्यापूर्वी उत्तर पक्के करून घ्यावे. आणि उत्तर मिळाल्यावर थांबावे. 'तू खोटे बोलतोस' असे चोराला ओरडून सांगण्याची महोसधाला गरज पडली नाही.

आपल्या देशातील न्यायालयांत हा विषय १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने बांधला गेला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली आहे. परंतु सरतपासणी, उलटतपासणी आणि फेरतपासणी हा क्रम तोच आहे. सूचक प्रश्न, म्हणजे ज्यात उत्तर सुचविलेले असते असे प्रश्न, उलटतपासणीत विचारता येतात. पूर्वीच्या लेखी जबाबाने साक्षीदाराला खोडून काढावयाचे असल्यास जबाबाचा तो भाग आधी त्याच्या निदर्शनास आणावा लागतो. जुन्या कायद्यात हा नियम कलम १४५ मध्ये होता, नव्यात तो कलम १४८ मध्ये आहे. अपमान करण्यासाठी किंवा केवळ त्रास देण्यासाठी विचारलेला प्रश्न रोखण्याचे कर्तव्य न्यायालयावर आहे. साक्षीदाराने पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्यानेच द्यावी, हा या कायद्याचा पाया आहे. दिट्ठ आणि सुत यांतील भेद तेथेही तसाच उभा आहे.

या भेदाचे मोल आपल्या समाजाने एका मोठ्या दाव्यात अनुभवले आहे. २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. १२ डिसेंबर १९२७ रोजी स्पृश्य हिंदूंच्या वतीने बाबासाहेब व इतरांविरुद्ध महाडच्या न्यायालयात दिवाणी दावा दाखल झाला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. तो मोडून पुन्हा तळ्यावर जाण्याची उत्कंठा २५ डिसेंबरच्या परिषदेस जमलेल्यांत होती. परंतु बाबासाहेबांनी न्यायालयाचा मार्ग धरला. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाईहुकूम उठला. दावा मात्र नऊ वर्षांहून अधिक काळ चालला.

वादींचे म्हणणे असे होते की, अस्पृश्यांना वगळून तळ्याचे पाणी वापरण्याची आपली वहिवाट अनादि काळापासूनची आहे. 'अनादि काळ' हे शब्द अर्जात लिहिणे सोपे असते. ते साक्षीने सिद्ध करणे कठीण असते. रूढीच्या बाबतीत कायदा जाणत्या माणसांच्या मतालाही काही स्थान देतो. तरीही माणूस आपल्या हयातीत काय पाहिले एवढेच पाहिले म्हणून सांगू शकतो; त्यापलीकडचे सारे सुत किंवा परिसंकित यांत मोडते. ८ जून १९३१ च्या निकालात महाडच्या न्यायालयाने दीर्घकाळची वहिवाट मान्य केली, पण नगरपालिकेच्या तळ्यावर तिने वादींना कायदेशीर हक्क मिळत नाही असे ठरवून दावा फेटाळला. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या साहाय्यक न्यायाधीशांनी त्याहून पुढे जाऊन अनादि रूढीच सिद्ध झाली नाही असे म्हटले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी तोच निष्कर्ष कायम केला. अलीकडच्या काळातील वापराच्या साक्षीवरून त्यापूर्वीच्या काळाचे अनुमान काढण्यास त्यांनी नकार दिला. तळे मोठे व उघडे असल्यामुळे, सभोवती स्पृश्यांची घरे होण्यापूर्वी कोणी त्याचा वापर असा राखून ठेवला असेल हे त्यांना संभवनीय वाटले नाही. 'केव्हा पाहिले, कोठून पाहिले' या विनयातील प्रश्नांपुढे जो दावा टिकला नसता, तो पुराव्याच्या कायद्यापुढेही टिकला नाही. शतकांच्या नावाने उभी केलेली रूढी ज्या प्रश्नाने खाली आणली, तो प्रश्न अगदी साधा होता : तुम्हाला हे कशावरून ठाऊक?

तथापि या साम्याने भुलून जाणे योग्य नाही. संघातील अनुयोगाचा हेतू दोषशुद्धीचा होता. न्यायालयात दोन पक्ष असतात, आणि प्रश्न विचारणारा सत्यासाठी नव्हे तर अशिलासाठी उभा असतो. साक्षीदार शेतमजूर असतो, आरोपी त्याला काम देणारा असतो, आणि तपासणी घटनेनंतर काही वर्षांनी होते. शेजारच्या, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या तरुणाचा खून झाला. त्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. तेथे उलटतपासणीचे कौशल्य नव्हे, तर साक्षीदाराच्या पाठीशी कोणी नसणे हे निर्णायक ठरते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५ (क) आले. त्यात पीडित व साक्षीदार यांना संरक्षण, प्रवासखर्च आणि खटल्याची माहिती मिळण्याचे हक्क दिले आहेत. आमच्या विहारांतून हे कलम वाचून दाखविले जाते काय, याचा प्रत्येकाने विचार करावा.

आता कळंबच्या उपासिकेचा प्रश्न. पुढे त्यांच्याशी बोलताना लक्षात आले की त्या खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांनी मारहाण पाहिली होती. काठी कोणी आणली हे मात्र शेजारणीकडून ऐकले होते, आणि आरोपी आदल्या दिवशी कट करीत होता अशी त्यांची शंका होती. रागाच्या भरात तिन्ही गोष्टी त्यांनी 'पाहिल्या' म्हणून सांगितल्या. वकिलाने तिसरी खोडली, मग दुसरी, आणि त्यांबरोबर पहिलीही वाहून गेली. शिवाय पोलिसांनी लिहिलेल्या जबाबात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली होती. पोलिसांपुढील जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. म्हणून तो लिहून झाल्यावर वाचून दाखवावयास सांगणे आणि राहिलेले तेथेच घालावयास लावणे, हेच त्याच्या हाती असते.

म्हणून साक्षीस जाणाऱ्या आपल्या माणसांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो. पाहिले ते पाहिले म्हणावे, ऐकले ते ऐकले म्हणावे, शंका असेल तर शंका म्हणावी. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारावयास सांगावे. आठवत नसेल तर आठवत नाही असे निःसंकोच सांगावे. रागवावयास लावणाऱ्या प्रश्नाला रागाने उत्तर देऊ नये. ही पढवलेली साक्ष नव्हे. चौथ्या शीलाचे हे पालन आहे. आणि जे तरुण वकिली करीत आहेत त्यांनी महोसधाची कथा मुलांची गोष्ट म्हणून बाजूस ठेवू नये.

पुढच्या पवारणेला आम्ही कळंबला पुन्हा गेलो तेव्हा त्या उपासिकांना हे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मंजे जेवढं पाहिलं तेवढंच लई होतं." त्यांच्या या वाक्यात विनयाचा आणि पुराव्याच्या कायद्याचाही सारांश आला आहे.